मदत हवी आहे: वेलिकोव्स्कींचा शुक्र आणि शतपथातल्या कृत्तिका, दोन्ही एकाच वेळी खरे कसे?

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनमंडळात एका बैठकीत कुणी विषय मांडतं आणि पुढच्या बैठकीत दुसरं कुणी त्यावर बोलतं. या खेपेला बोलायची पाळी माझी आहे आणि मला जाणकारांची मदत हवी आहे.

विषय मांडला तो एका निवृत्त इंजिनिअर काकांनी. वेदांवर त्यांचा जीव आहे, सूक्तंच्या सूक्तं पाठ आहेत. त्यांनी इमॅन्युएल वेलिकोव्स्की यांचं १९५० सालचं 'वर्ल्ड्स इन कोलिजन' घेतलं होतं. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. इसवी सनापूर्वी पंधराव्या शतकात गुरूपासून सुटलेला एक धूमकेतू पृथ्वीच्या अगदी जवळून गेला आणि तोच पुढे शुक्र ग्रह झाला. इजिप्तमध्ये नदीचं रक्त होणं, दाट अंधार पडणं, मोशेच्या लोकांसाठी समुद्र दुभंगणं हे सगळं त्या भेटीचे परिणाम. मग इ.स.पू. आठव्या-सातव्या शतकात मंगळ जवळ आला, पृथ्वीचा अक्ष पुन्हा हलला, आणि तोवर ३६० दिवसांचं असलेलं वर्ष ३६५ दिवसांचं झालं. ऋग्वेदातले मरुत् हेही मंगळाच्या त्या फेऱ्यांशी जोडलेले आहेत.

इथवर पुस्तक झालं. त्यापुढे काकांनी दोन गोष्टी आपल्या जोडल्या. एक, ऋग्वेदातल्या अस्यवामीय सूक्तातलं बारा भागांचं आणि ३६० खुंट्यांचं चक्र हा त्या जुन्या वर्षाचा पुरावा. दोन, शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत असं म्हटलंय आणि त्यावरून शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी 'भारतीय ज्योतिषशास्त्रा'त इ.स.पू. ३०००च्या सुमाराचा काळ काढला. म्हणजे वेद तितके जुने आणि शिवाय प्रलयांचे साक्षीदार. टाळ्या पडल्या.

माझं अडतंय ते इथे. दीक्षितांचं गणित मी घरी मांडून पाहिलं. पृथ्वीचा अक्ष संथपणे डुलतो, त्यामुळे संपातबिंदू (दिवस-रात्र सारखे असतात तेव्हाची सूर्याची आकाशातली जागा) साधारण ७२ वर्षांत एक अंश सरकतो आणि पूर्ण फेरा सुमारे २६,००० वर्षांनी होतो. आज कृत्तिका पूर्वेच्या बऱ्याच उत्तरेला उगवतात. गच्चीवर होकायंत्र घेऊन उभं राहिलं तर कुणालाही दिसेल. त्या नेमक्या पूर्वेला उगवत होत्या तो काळ काढायचा तर हे डुलणं उलटं मोजत मागे जायचं. टिळकांनी १८९३ साली 'ओरायन'मध्ये वसंतसंपात मृगात होता तो काळ काढला, तोही याच वाटेने. या सगळ्याचा पाया एकच: मधल्या हजारो वर्षांत अक्षाला कुणी धक्का दिलेला नाही.

मग वेलिकोव्स्की खरे असतील तर दीक्षित आणि टिळकांची गणितं तिथेच संपतात. अक्ष दोनदा हलला असेल तर इ.स.पू. ३०००चं आकाश आजच्यावरून काढताच येणार नाही. आणि गणितं खरी असतील तर वेलिकोव्स्कींना जागा नाही. काकांनी एकाच तासात दोन्ही वापरली. माझं हे म्हणणं बरोबर आहे का, हे आधी सांगा.

दुसरं, अक्ष हलला नाही हे आकाशाच्या गणिताबाहेरून दाखवता येतं का? नाहीतर मी दीक्षितांच्या गृहीतकानेच दीक्षितांना सिद्ध करत बसेन.

तिसरं माझ्या मनाला जास्त लागलेलं आहे. मंडळात माझी एक बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातली मैत्रीण येते, मूळची अलिबागकडची. तिच्या घरी पेसाहच्या सणाला मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून सुटका झाल्याची कथा दरवर्षी वाचतात. ती मला म्हणाली, "देवाने आम्हाला सोडवलं हे आम्ही सांगतो. यांनी सांगितलं की एक गोळा जवळून गेला. यात आमची कथा खरी ठरली की संपली?" मला उत्तर सुचलं नाही. मी स्वतः देवधर्म करणारी आहे. काकांना पाडायचं नाहीये, पण जे बोलेन ते टिकणारं हवं.

प्रतिसाद

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: तुमचं बरोबर आहे. दोन्ही एकत्र नांदू शकत नाहीत, आणि बैठकीत हाच मुद्दा सगळ्यात आधी ठेवा.

दुसऱ्यासाठी आकाश सोडून झाडांकडे जा. आयर्लंडमधल्या ओक झाडांच्या वर्षवलयांची सलग साखळी ७,००० वर्षांच्या मागे जाते. जर्मनीतली साखळी वेगळ्या लोकांनी, वेगळ्या झाडांवरून बांधली आणि दोन्ही जुळतात. पृथ्वीचं फिरणं अडखळलं असतं, समुद्र जमिनीवर चढले असते, तर इ.स.पू. १४५०च्या सुमारास ती साखळी तुटायला हवी होती. तशी तुटलेली नाही. ग्रीनलंडच्या बर्फातही वर्षाचे थर मोजता येतात. लांबच्या ज्वालामुखींचं आम्लसुद्धा त्यांत सापडतं. मग जगभर अंधार पाडणारी धूळ त्यांतून निसटली कशी?

इजिप्तच्या कालक्रमाचंही तसंच. वेलिकोव्स्कींनी १९५२च्या 'एजेस इन केऑस'मध्ये तो सुमारे ५०० वर्षांनी अलीकडे ओढला, म्हणजे इजिप्तची हॅटशेपसूट राणी इस्रायलच्या सॉलोमन राजाची समकालीन ठरते. २०१०मध्ये इजिप्तमधल्या बिया, वेताच्या टोपल्या, कापड अशा वनस्पतिजन्य वस्तूंवरून कार्बन-१४ पद्धतीने काळ काढला गेला. हॅटशेपसूट ज्या कालखंडातली, त्या नवराज्याचा आरंभ इ.स.पू. १५७० ते १५४४च्या दरम्यान आला. शिलालेखांवरून इतिहासकार धरत होते त्याच्या जवळच. ५०० वर्षं घालायला तिथे फट नाही.

आता शुक्र. असुरियाची राजधानी निनवे, तिथल्या ग्रंथालयातल्या मातीच्या पाट्यांवर शुक्राच्या उदयास्ताच्या २१ वर्षांच्या नोंदी आहेत. पाट्या इ.स.पू. सातव्या शतकातल्या, पण त्या जुन्या नोंदींच्या नकला आहेत. मध्येच 'सोन्याच्या सिंहासनाचं वर्ष' असा उल्लेख येतो. बॅबिलोनचा राजा अम्मीसदुका याच्या आठव्या वर्षाचं ते नाव, हे कुग्लर या अभ्यासकांनी १९१२ साली ओळखलं. रूढ कालक्रमांपैकी कुठलाही धरा, हा राजा इ.स.पू. १४५०च्या आधीचाच येतो. काही नोंदींत नकलाकारांच्या चुका आहेत. वेलिकोव्स्की त्यांना शुक्राच्या वेगळ्या कक्षेची खूण मानतात. पण बऱ्याचशा नोंदी आठ वर्षांत पाच फेरे या आजच्याच शुक्राच्या चालीत बसतात. त्याहून जुन्या, इ.स.पू. ३०००च्या सुमाराच्या, आजच्या इराकमधल्या उरुक शहराच्या पाट्यांत पहाटेच्या आणि संध्याकाळच्या इनान्ना देवीचे वेगवेगळे उत्सव आहेत. इनान्ना म्हणजे शुक्र. जो अजून जन्मायचा होता त्याचे सण कोण करेल?

आणि ग्रहण. असुरियात प्रत्येक वर्षाला एका अधिकाऱ्याचं नाव देत, त्या वर्षनामावलीत बूर-सगालेच्या वर्षी, सिमानु महिन्यात सूर्यग्रहण झाल्याची नोंद आहे. आजच्या गतीने उलटं मोजलं की १५ जून इ.स.पू. ७६३ मिळतं. वेलिकोव्स्कींचा मंगळाचा गोंधळ इ.स.पू. ७७६ ते ६८७ असा आहे, म्हणजे हे ग्रहण ऐन त्यात येतं. पृथ्वीची कक्षा नंतर बदलली असती तर ते आपल्या गणिताला सापडलं नसतं.

वेलिकोव्स्कींची बाजूही नीट मांडा, नाहीतर काका ती काढतीलच. गुरूपासून रेडिओलहरी येतील असं ते १९५३मध्ये म्हणाले होते आणि १९५५मध्ये त्या सापडल्या. शुक्र तापलेला असेल हेही त्यांनी आधी म्हटलं होतं, आणि तो सुमारे ४६० अंश सेल्सिअस निघाला. पण त्यांचं कारण होतं नुकताच जन्मलेला तप्त गोळा, आणि ढगांत त्यांना हायड्रोकार्बन अपेक्षित होते. तिथे निघाला जाडजूड कार्बन डायऑक्साइड आणि गंधकाम्लाचे ढग. शास्त्रज्ञांनी दबाव आणून मॅकमिलन या प्रकाशकाला 'वर्ल्ड्स इन कोलिजन' सोडायला लावलं, हे वाईटच झालं. त्यानेच कितीतरी लोकांना वाटलं की यात दडवण्यासारखं काहीतरी आहे.

प्रतिसाद

वेदांच्या बाजूने एक भर घालतो. ३६० खुंट्यांचं चक्र आहे, मान्य. पण त्याच ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात २५व्या सूक्तात वरुणाबद्दल म्हटलंय:

वेद मासो धृतव्रतो द्वादश प्रजावतः । वेदा य उपजायते ॥

बारा महिने तो जाणतो, आणि वर जो आणखी उपजतो तोही जाणतो. हाच आपला अधिकमास, धोंड्याचा महिना. वर्ष खरोखर ३६० दिवसांचं आणि महिना ३० दिवसांचा असता तर हा वरचा महिना उपजायचं कारणच नव्हतं. ३६० हा यज्ञाच्या हिशेबाचा पूर्ण आकडा आहे आणि ऋषींना त्याची तूट ठाऊक होती. काकांना सूक्तं पाठ आहेत ना, मग ही ऋचा त्यांनाच म्हणायला सांगा. मरुतांच्या सूक्तांत तर वीज, वारा आणि ओलीचिंब जमीन इतकी भरलीय की तिथे मंगळ आणावाच लागत नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. अधिकमासाची ऋचा डोळ्यांसमोर असून मला दिसली नव्हती. काकांना ती नक्की आवडेल, कारण त्यात ऋषी जास्त जाणते ठरतात. झाडांची वलयं आणि ग्रहण एवढं मी मांडेन, बाकी कुणी विचारलं तर. मैत्रिणीच्या प्रश्नाचं मात्र राहिलंच. कुणाला काही सुचतंय का?

प्रतिसाद

मी सांगतो, पटलं तर घ्या. वेलिकोव्स्की कथेतला शब्द न् शब्द आकाशातली बातमी म्हणून वाचतात. इपुवेरच्या पपायरसमध्ये, म्हणजे एका प्राचीन इजिप्शियन काव्याच्या हस्तलिखितात नदीचं रक्त झालंय असं आहे, हे ते पुरावा म्हणून देतात. पण ते काव्य राज्य कोलमडल्याचा विलाप आहे. त्यात नोकराणी मालकीण होते, धनी भिकारी होतो, आणि रडणाऱ्याला त्याचंच जास्त दुःख आहे. तुमच्या मैत्रिणीच्या घरची कथाही तशीच माणसांची आहे, राबणाऱ्यांच्या सुटकेची. समुद्र कशाने दुभंगला हा प्रश्न त्यांनी दरवर्षी वाचताना मध्यभागी कधीच ठेवला नाही. धूमकेतू खोटा ठरला म्हणून त्यांच्या कथेतलं काही जात नाही, आणि खरा ठरला असता तरी त्यांना हवं होतं ते मिळालं नसतं. हे तुम्ही बोलू नका, तिलाच बोलू द्या. काकांनी मोशेची कथा मांडली तेव्हा ती कथा जगणारं माणूस समोर बसलं होतं आणि तिला कुणी विचारलं नाही. पुढच्या बैठकीत पहिली दहा मिनिटं तिला द्या, मग तुमची वलयं आणि ग्रहण.