लागण: रोगाची की रोपांची?

अर्धवटभाषांतर: पिकांच्या रोगांवरचा लेख मराठीत करतेय. वाक्य लिहिलं, 'लागण झाल्यावर तिसऱ्या दिवशी पानांतल्या पेरॉक्सिडेजची सक्रियता वाढली.' (पेरॉक्सिडेज हे एक एंझाइम.) बाबांनी वाचलं नि विचारलं, "तिसऱ्या दिवशी पानं कुठली गं? डोळासुद्धा फुटत नाही तेवढ्यात." त्यांच्या डोक्यात उसाची लागण, म्हणजे लावणी! आता काय लिहू?

कानामात्रा: प्रादुर्भाव लिहा. मिटलं.

खलबत्ता: प्रादुर्भाव नको हो. प्रादुस् म्हणजे उघड, डोळ्यांसमोर. इथे तर पानावर ठिपका दिसायच्या आधीच, काही तासांत, फेनिलअ‍ॅलनिन अमोनिया लायेज हे एंझाइम वाढू लागतं. फिनॉल आणि लिग्निन या बचावाच्या मालाची रसद तिथूनच सुटते. पाठोपाठ दुसरं एंझाइम, कायटिनेज. ते बुरशीच्या पेशींच्या भिंतीतलं कायटिन तोडतं, आणि झाडाच्या भिंतीत कायटिन नसतंच, म्हणून घरची पडझड नाही. ठिपका उगवेपर्यंत अर्धी मारामारी उरकलेली असते.

कानामात्रा: मग संसर्ग. आणि 'सक्रियता वाढली' म्हणजे विकर (एंझाइम) जास्त झालं, की होतं तेच जोरात चाललं?

खलबत्ता: त्या आकड्यावरून कळत नाही. पान खलात वाटायचं, अर्कात ग्वायकॉल हे रसायन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घालायचं. नारिंगी-तपकिरी रंग चढतो, तो किती वेगानं चढतो ते 470 नॅनोमीटरच्या प्रकाशात बघायचं. मोजलं जातं काम, माल नाही. म्हणून 'विकर वाढले' असं लिहू नका.

जुनाशब्दकोश: विकर कशाला पण? मराठी विश्वकोशात नोंद 'एंझाइमे' अशीच आहे. 'विकारात विकर वाढले' हे वाचताना जीभ अडखळते.

कानामात्रा: आम्ही शाळेपासून विकरच म्हणतो. विकार काय, विकर काय, दोन्ही 'कृ'ची लेकरं. बदल घडवतो तो विकर. (व्युत्पत्ती माझी, भांडू नये.)

जुनाशब्दकोश: भांडणारच. पण एंझाइमही घडवलेलाच शब्द म्हणा, 1870च्या दशकात जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ कूने यांनी ग्रीकवरून केलेला, अर्थ 'खमिरातलं'. त्या हिशेबानं 'आंबवक' चालेल.

कानामात्रा: आंबवक! देवा.

अर्धवटभाषांतर: लागणीचं काय झालं पण? 'रोगाची लागण' करून दाखवलं, तर बाबा म्हणाले, "रोग कुणी लावतं का?"

खलबत्ता: प्रयोगात लावतातच की! बीजाणू मिसळलेलं पाणी पानांवर फवारतात. तेव्हा 'लागण केली' लिहा, 'झाली' नको.

जुनाशब्दकोश: बरं, 'ते कायटिनेज' का? मी 'तो' म्हणतो.