मदत हवी आहे: काच साच्यातून सुटत नाही, लेप काचेलाच चिकटतो

निळीशार
भट्टीत काच मऊ करून उथळ वाडगा करतेय. साच्याला किल्न वॉश (काच चिकटू नये म्हणून लावायचा लेप) लावला, नीट वाळवलाही. तरी काच सुटेना. कशीबशी निघाली तर पाठीला पांढरे पोपडे, घासून जात नाहीत. लगेच दुसरा करून द्यायचाय. कोणता लेप लावू, नेमकं सांगा.

भट्टीवाला
साचा कशाचा? काच कोणती? तापमान किती आणि किती वेळ धरलं?

रेतीकाम
किल्न वॉशचा नादच सोडा. बोरॉन नायट्राइडचा स्प्रे मारा. पाठ गुळगुळीत येते, ब्रशच्या रेघा उमटत नाहीत. मी सगळ्या साच्यांना तोच मारतो.

भट्टीवाला
@रेतीकाम, मातीच्या साच्याला एकदा तो मारला की वरून किल्न वॉश धरत नाही. पाणी आत शोषलंच जात नाही, मग सँडब्लास्ट (वाळूच्या माऱ्याने साफ) करत बसा. आधी साचा कशाचा ते तरी कळू द्या.

निळीशार
साचा नेहमीचाच, मातीचा. भट्टीचा प्रोग्रॅम बरोबर आहे. मी लेपाबद्दल विचारतेय.

कणकण
बिस्क, म्हणजे नुसता भाजलेला, की ग्लेझ केलेला? ग्लेझ म्हणजे काचच. तिच्यावर वॉश टिकत नाही आणि तापल्यावर दोन्ही काचा एकमेकींना धरतात.

तावदान
ॲनीलिंगकडे, म्हणजे काच सावकाश थंड करण्याकडे, लक्ष द्या. आत ताण राहिला तर वाडगा आठवड्याभरानेही तडकतो. जाडी वाढली की वेळ बराच वाढवावा लागतो.

निळीशार
तावदान, तडा गेलेलाच नाही! चिकटतेय. साचा बिस्क आहे, ग्लेझ नाही. काच सीओई ९० (तापल्यावर काच किती प्रसरण पावते त्याचा आकडा), दोन थर. थर साच्यातच ठेवून ८०५ अंशांना नेले, १० मिनिटं धरले. जोडणी आणि आकार एकाच फायरिंगमध्ये.

भट्टीवाला
मग लेप बदलून काही होणार नाही. ८०५ हे फुल फ्यूजचं, म्हणजे थर पूर्ण वितळून एक होण्याचं तापमान. तिथे काच इतकी मऊ होते की लेपात रुतते, आणि वॉशमधली चिनी मातीही तेवढ्या उष्णतेत बदलते, म्हणून पोपडे काचेबरोबर येतात. दोन फायरिंग करा. आधी भट्टीतल्या शेल्फवर सपाट फ्यूज. मग ती चकती साच्यावर ठेवून ६५० ते ६७५ पर्यंतच न्या आणि भट्टीच्या भोकातून डोकावत राहा, कारण प्रत्येक भट्टी वेगळी. फुल फ्यूजनंतर शेल्फचा लेप दर वेळी खरवडून नवा लावावा लागतो. साच्यावरचा मात्र ओरखडा पडेपर्यंत बऱ्याच स्लंपिंगना (मऊ काच साच्यात बसवण्याच्या फायरिंगना) पुरतो.

रेतीकाम
८०५ ला सुद्धा बोरॉन नायट्राइडने काच सुटते, माझा अनुभव आहे. नाहीतर सरळ स्टीलचा साचा घ्या.

कणकण
स्टीलवरून काच ओघळवायची असेल तर ठीक. थंड होताना स्टील काचेपेक्षा जास्त आकसतं, म्हणून ते आतून सुटतं. पण खोल स्टीलच्या आत काच बसवली तर तेच स्टील तिला आवळतं. मातीचं उलट: ती काचेपेक्षा कमी आकसते, म्हणून आत बसवायला चांगली, वरून ओघळवायला धोक्याची. त्यांना वाडगा हवाय, मातीचा साचा योग्यच आहे.

निळीशार
बरं. जुन्या लेपावरच नवा लावू?

भट्टीवाला
नाही, हा खरवडा. एक भाग किल्न वॉशची पावडर, पाच भाग पाणी, मापाने. पातळ दुधासारखं झालं पाहिजे. ॲल्युमिना तळाशी बसतो, दर वेळी ढवळा. मऊ रुंद ब्रशने उभा, आडवा आणि दोन्ही तिरके असे चार हात. मधे वाळायची वाट पाहू नका. मग २६० ला २० मिनिटं धरून पूर्ण वाळवा. तळाचं भोक लेपाने बुजलं असेल तर तारेने मोकळं करा आणि साचा शेल्फपासून थोडा उचलून ठेवा. हवा खाली अडकली तर तळाशी फुगा येतो.

कणकण
खरवडण्याआधी साचा ओला करा आणि धुळीसाठीचा चांगला मास्क लावा, कापडी नको. त्या धुळीत बऱ्याचदा सिलिका असते, फुप्फुसात गेली की निघत नाही. हे कळकळीने सांगतोय.

तावदान
पहिल्या वाडग्याचे पोपडे रात्रभर व्हिनेगरमध्ये भिजवून नायलॉनच्या घासणीने घासून पाहा, बऱ्याचदा सैल होतात. आत रुतले असतील तर सँडब्लास्टच.

निळीशार
भिजत घातला. चकती आत्ता शेल्फवर लावतेय. शेल्फला वॉशऐवजी फायबर पेपर (उष्णता सोसणारा तंतूंचा कागद) चालेल ना?

रेतीकाम
चालेल, पण पाठ खरखरीत येईल. बोरॉन नायट्राइड…

भट्टीवाला
पातळ पेपर घ्या, फारशी खरखर येत नाही. फ्यूज झाल्यावर चकतीची पाठ धुऊन कोरडी करा, मगच साच्यावर ठेवा.