जुना एअर सँडर पावसाळ्यात बसला. उघडू, की नवा घेऊ?

रबाळेचा_पोरगा
नमस्कार मंडळी. रबाळे एमआयडीसीच्या कडेला बाबांचं डेंटिंग-पेंटिंगचं छोटं गॅरेज आहे, मी नोकरी सांभाळून शनिवार-रविवार तिथे हात काळे करतो. आमच्याकडे सहा इंची एअर सँडर आहे, म्हणजे कंप्रेसरच्या हवेवर चालणारं घासायचं मशीन, डबल ॲक्शनवाला (पॅड फिरतोही आणि डगमगतोही), बाबांनी २००९ च्या आसपास मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून आणलेला. लेबल कधीच घासून गेलंय, त्यामुळे कंपनी विचारू नका. मेपर्यंत बरा चालायचा, पाऊस सुरू झाला आणि साहेब रुसले. ट्रिगर दाबला की नुसती हवा फुसफुसते, पॅड हाताने ढकलला की चालू होतो आणि दरवाजाला टेकवला की लगेच मरतो. कंप्रेसर २ एचपी, सिंगल फेज. एका दुरुस्तीवाल्याकडे दिला होता (नाव नको), त्याने आठ दिवस ठेवून घेतला, तीनशे रुपये घेतले आणि आत ग्रीस भरून परत दिला, आता एक्झॉस्टमधून ग्रीस उडतं ते थेट पुट्टीवर. गिऱ्हाइकाची वॅगनआर गणपतीच्या आत द्यायचीय, डावीकडचे दोन्ही दरवाजे पुट्टी लावून तसेच पडलेत. दुरुस्त होईल, की नवा घेऊ, की सरळ इलेक्ट्रिक? बजेट ओढूनताणून दहा हजार.

ऐरोलीकर७
भंगारात घाल भाऊ. मी बॉशचा पाच इंची घेतला, जीईएक्स १२५, २५० वॅटचा. प्लग लावला की चालू. हवेचं हत्यार म्हणजे विजेची उधळपट्टी, टोकाला १ एचपी ताकद हवी तर कंप्रेसरला ७-८ एचपीची वीज खाऊ घालावी लागते. आणि तो आवाज! आमच्या शेजारच्यांनी तर वर्गणी काढून माझा कंप्रेसर विकत घ्यायची तयारी दाखवली होती.

निवृत्त_फिटर
भंगारात घालू नकोस रे बाळा. तू सांगतोस ते लक्षण मशीन मेल्याचं नाही, ब्लेड चिकटल्याचं आहे. आत एक लायनर असतो, गोल नळकांडं, त्यात रोटर जरा एका बाजूला सरकवून बसवलेला आणि रोटरच्या खाचांमध्ये चार-पाच ब्लेड सुटे. फिरताना ते बाहेर फेकले जातात, लायनरला टेकतात आणि हवा त्यांना ढकलते. टेकलेच नाहीत तर हवा आल्या वाटेने निघून जाते, तेच तुझं फुसफुस. हाताने ढकलल्यावर एखाददुसरा ब्लेड सुटतो म्हणून चालू होतो. पाणी, जुनं तेल आणि पुट्टीची धूळ यांचा चिकट गाळ होतो खाचेत, त्यात त्या महाभागाने ग्रीस घातलं. ग्रीस फक्त बेअरिंगला. ब्लेडला ग्रीस म्हणजे डिंकच.

नुसता गाळ असता तर चमचाभर रॉकेल आत सोडून, रात्रभर उलटा ठेवून भागलं असतं, पण ग्रीस आहे तेव्हा उघडावाच लागेल. त्याआधी पाइप काढून पॅड हाताने फिरव. खरखर लागली तर बेअरिंग, गुळगुळीत फिरला तर बेअरिंग शाबूत. पाइप जोडतो तिथे आत बारीक जाळी असते ती बघ, आणि एक्झॉस्टचा सायलेन्सर काढून बघ, तो धुळीने बुजला तरी मशीन असंच दमतं.

उघडताना पॅड काढ, खाली दोन भोकांची लॉक रिंग असते तिला पिन स्पॅनर लाव, छिन्नी-हातोडा नको. लायनरला एक बारीक पिन असते ती कुठल्या खाचेत बसलीय त्याचा फोटो काढून ठेव, परत बसवताना ती चुकली तर हवेचं भोकच बंद होतं आणि मग मला शिव्या घालशील. सगळं रॉकेलने धू, थिनर नको, रबराच्या ओ-रिंग फुगतात.

कळव्याचा_पेंटर
काका बरोबर बोलले, पण मूळ रोग कंप्रेसरमध्ये आहे. पावसाळ्यात आपल्याकडची हवा म्हणजे ओला टॉवेल, कंप्रेसर तोच दाबून टाकीत पाणी करतो. टाकीच्या खालचा कॉक शेवटचा कधी उघडला होता, खरं सांग?

रबाळेचा_पोरगा
खरं सांगू का, असा कॉक असतो हे आजच कळलं. बाबा म्हणाले पूर्वी रोज उघडायचो, मग राहून गेलं. आत्ता बादली लावून उघडला तर पाऊण तांब्या पाणी आलं, रंग टपरीवरच्या कटिंगसारखा, आणि गंजाचा वास.

कळव्याचा_पेंटर
हेच ते. हे पाणी पुढे स्प्रे गनमध्ये पण जातं आणि रंगावर फोड येतात ते वेगळंच. रोज संध्याकाळी कॉक उघडायचा आणि सँडरच्या आधी फिल्टर-रेग्युलेटर लावायचा, म्हणजे पाणी अडवणारा आणि दाब ठरवणारा, पण कंप्रेसरला चिकटून नको, थोडा पाइप मध्ये जाऊ दे म्हणजे हवा थंड होऊन पाणी फिल्टरात पडतं. प्रेशर ९० पीएसआय, ते ट्रिगर दाबलेला असताना बघायचं, सोडलेला असताना काटा काहीही दाखवतो. पाइप आतून ६ एमएमचा असेल तर १० एमएमचा घे.

दुसरं, सहा इंची सँडर १० ते १५ सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा पितो. तुझा २ एचपी कागदावर ७-८ देईल, खरे ५-६. म्हणजे मशीन एकदम नवं असलं तरी मिनिट-दीड मिनिट चालवा, मग टाकी भरेपर्यंत तंबाखू मळा. नवीन सँडर आणलास तरी हेच रडगाणं राहणार, म्हणून दहा हजार आधी सँडरवर घालू नकोस.

इलेक्ट्रिक वाईट नाही, ऐरोलीकर चिडू नका, पण तुमच्या मशीनचा ऑर्बिट, म्हणजे पॅडचा डगमगण्याचा घेर, २.५ एमएम. प्रायमर घासायला मस्त, पुट्टीवर जीव जातो, तिथे ५ एमएम लागतो. आणि पाणी मारून घासायचं तर विजेचं हत्यार हातात नको बाबा.

ऐरोलीकर७
चिडलो नाही. पुट्टीला वेळ लागतो हे मान्य.

निवृत्त_फिटर
पुट्टीला खरं तर सँडरच नको. लाकडी पट्टीवर ८० नंबरचा पॉलिश पेपर लावून हाताने, तिरका, एकदा इकडून एकदा तिकडून. सँडर फिरवलास तर दरवाजा हाताला सपाट लागेल आणि रंग मारल्यावर ट्यूबलाइटखाली लाटा दिसतील. पट्टीने लेव्हल काढ, मग १८० आणि ३२० ला सँडर. तोंडाला मास्क लाव, रुमाल नाही.

रबाळेचा_पोरगा
अपडेट. शनिवारी उघडला. जाळी गंजाने अर्धी बुजलेली. पाच ब्लेड, त्यातले तीन खाचेत असे बसलेले की टाचणीने उचकून काढावे लागले, एकाचा कोपरा तुटला (माझ्याच हाताने, बाबांना सांगितलं नाही). बेअरिंग गुळगुळीत. लायनरवर गंजाचे ठिपके आहेत आणि एक उभी रेघ दिसते. लायनर गेला का?

निवृत्त_फिटर
रेघेवरून नख फिरव. अडकलं तर नवीन लायनर, म्हणजे या वयाच्या बिननावाच्या मशीनला रामराम. नाही अडकलं तर १००० चा वॉटर पेपर तेलात बुडवून हलक्या हाताने ठिपके काढ. ब्लेड मात्र पाचही बदल, एकटा नवा घालू नकोस. मापाचे मिळाले नाहीत तर कापडाच्या हायलम शीटमधून (कापड आणि रेझिन दाबून केलेली कडक शीट) कापून घे, जाडी आणि लांबी जुन्याबरोबर तंतोतंत, खाचेत आपल्या वजनाने सरकले पाहिजेत.

रबाळेचा_पोरगा
नख नाही अडकलं!! रविवारी वागळे इस्टेटमध्ये एका वर्कशॉपमधून हायलमचे पाच ब्लेड कापून आणले, पहिला सेट जाड झाला, समोरच घासून दिला त्याने. बसवला, एअर टूल ऑइलचे आठ-दहा थेंब सोडले आणि ट्रिगर दाबला तर पहिल्याच झटक्यात सुटला, पॅडवरचा पेपर उडून बाबांच्या चहात. दोन्ही दरवाजे पट्टीने लेव्हल झाले, ३२० चालूय. दर मिनिटाला थांबावं लागतं ते लागतंच, कंप्रेसर दिवाळीनंतर बघू. फिल्टर आणि १० एमएम पाइप घेतलाय.

कळव्याचा_पेंटर
झकास. तेल घातल्यावर आधी चिंधीवर अर्धा मिनिट चालव, मगच गाडीजवळ ने. तेलाचा एक तुषार पत्र्यावर बसला तर रंगाला माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात आणि परत सगळं घासायला बसशील.

घोडबंदर_बुलेट
माझ्याकडे पण असाच एक माळ्यावर पडलाय. ते हायलमवाले रविवारी उघडे असतात?

रबाळेचा_पोरगा
हो, एमआयडीसी आहे ती, सुट्टी शुक्रवारी. जुने ब्लेड सोबत ने, तोंडी माप सांगू नकोस. आणि नागदेवीला जायचं असेल तर उलटं, तिथे रविवारी शटर खाली.