मदत हवी: ऑक्टाव्हिया कॉम्बी १.९ टीडीआय, चढाला पॉवर गायब

खंबाटकीकर
गाडी ऑक्टाव्हिया कॉम्बी, डिझेल. चढावर रेस दाबून धरली की मध्येच पॉवर जाते, मग कितीही दाबा, गाडी ओढतच नाही. बंद करून परत चालू केली की ठणठणीत. गॅरेजवाला सरळ नवा टर्बो टाका म्हणतोय. शनिवारी कोल्हापूरला जायचंय. टर्बो बदलायचा की नाही, एवढंच सांगा.

काजळी
एवढंच कसं सांगणार? इंजिन कोड काय? स्कॅन केलंय का? काय एरर आली? पॉवर साधारण किती आरपीएमला जाते? धूर काळा की निळा?

पाना१०
९० हॉर्सपॉवरमध्ये एजीआर आणि एएलएच अशी दोन इंजिनं येतात. एजीआरचा टर्बो साधा, वेस्टगेटवाला (जादा एक्झॉस्ट बाजूने सोडणारी झडप). एएलएचला व्हेरिएबल वेन्स (टर्बोतली कोन बदलणारी पाती) असतात आणि दोन्हींचे रोग निराळे. टायमिंग कव्हरवर किंवा डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात स्टिकर असेल, त्यावर तीन अक्षरं बघा.

नियमावली
गाडी कोणत्या सालची? २० वर्षांवरची असेल तर आरसी नूतनीकरणाचं शुल्क ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये झालंय. हरित कर वेगळा. टर्बोवर खर्च करायच्या आधी आरसीची तारीख बघून घ्या.

खंबाटकीकर
आरसीचं मी विचारलेलं नाही. कोड एएलएच. एरर १७९६५. साधारण ३००० च्या पुढे जाते, चौथ्या गियरमध्ये. धूर नाही. आता सांगा.

काजळी
१७९६५ म्हणजे बूस्ट (टर्बोच्या हवेचं प्रेशर) मागणीपेक्षा जास्त. टर्बो कमी हवा देत नाहीये, जास्त देतोय. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) इंजिन वाचवायला लिंप मोडमध्ये, म्हणजे कमी पॉवरवर, टाकतो, चावी फिरवली की विसरतो. जो टर्बो जास्त प्रेशर बनवतोय तो 'गेला' म्हणून बदलायला निघालेल्या माणसाकडून आधी नीट कारण विचारून घ्या.
शहरात १५००-२००० वर फिरणाऱ्या एएलएचमध्ये वेन्सच्या रिंगवर काजळी बसते आणि वेन्स बंद बाजूला चिकटतात, मग बूस्ट आवरत नाही. टर्बो उतरवून साफ करणे हाच उपाय.

एकोणीसटीडीआय
लगेच उतरवायला कशाला लावता? आधी एन-७५. फायरवॉलवरचा छोटा सोलेनॉइड, तीन नळ्या जातात त्यावर; वेन्स हलवणाऱ्या ॲक्च्युएटरचा व्हॅक्यूम तोच सांभाळतो. त्याची हवा सोडायची नळी तुंबली की ॲक्च्युएटरमधला व्हॅक्यूम वेळेवर सुटत नाही आणि नेमकं हेच होतं. सोबत कापडी विणीच्या जुन्या व्हॅक्यूम नळ्या टोकांना चिरलेल्या असतात. ३.५ मिमी आतल्या व्यासाची नळी चार मीटर आणा आणि एक-एक करून बदला. सगळ्या एकदम काढल्या तर कुठली कुठे ते शोधत बसाल.

काजळी
चिरलेल्या नळीने व्हॅक्यूम कमी पडतो, म्हणजे बूस्ट कमी, म्हणजे १७९६४. ह्यांना १७९६५ आहे. नळ्या बदला जरूर, पण ह्या रोगाचं औषध ते नाही.

एकोणीसटीडीआय
आणि एन-७५ च्या तुंबलेल्या नळीचं काय? ते तुमच्या सिद्धांतात बसत नाही म्हणून सोडून दिलंत.

घाटवळण
एमएएफ सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) बदला. ह्या गाड्यांत ९० टक्के वेळा तोच असतो.

पाना१०
एमएएफ मेला तर गाडी कायम मंद राहते, चावी फिरवून सुधारत नाही. इथे लागू नाही.
बाकी दोघांनी भांडण्यापेक्षा एक चाचणी करा, अर्ध्या तासाचं काम. ॲक्च्युएटरला जाणारी नळी एन-७५ च्या टोकाकडून काढा. एन-७५ च्या उघड्या तोटीला स्क्रू लावून बुजवा, ॲक्च्युएटरकडची नळी मोकळी राहू द्या. आता वेन्स पूर्ण उघड्या राहायला हव्यात आणि गाडी खालून अगदी मंद वाटायला हवी. लॅपटॉपवर स्कॅनचा ग्रुप ०११ (बूस्टचे आकडे) लावून तिसऱ्या गियरमध्ये १५०० पासून ४००० पर्यंत पूर्ण रेस द्या, मोकळ्या रस्त्यावर, आकडे शेजारच्याने बघावेत. दुसरा रकाना मागणी, तिसरा प्रत्यक्ष बूस्ट, दोन्ही मिलिबारमध्ये. नळी काढूनही बूस्ट चढला तर एन-७५ निर्दोष, दोष टर्बोच्या बाजूला. चढला नाही तर एकोणीसटीडीआय बरोबर.

घाटवळण
ईजीआरला (एक्झॉस्ट परत इंजिनात सोडणारी झडप) पत्रा मारून बंद करा, काजळीचा प्रश्नच मिटतो.

काजळी
ईजीआर बंद केल्याने चिकटलेल्या वेन्स सुटत नाहीत.

खंबाटकीकर
चाचणी केली. नळी लावलेली असताना मागणी १९५०, प्रत्यक्ष २३४०. नळी काढून १९०० च्या आसपास, आणि खालून अजिबात मंद वाटली नाही. म्हणजे टर्बो गेला ना शेवटी?

काजळी
गेला नाही, वेन्स चिकटल्यात. उतरवा. एएलएचमध्ये एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि टर्बाइनचं घर एकच ओतीव आहे, त्यामुळे सगळं एकत्र निघतं. नट आदल्या रात्री गंज सोडवणाऱ्या तेलात भिजवा. घरं वेगळी करण्याआधी दोन्हींवर पंचने खूण करा, नाहीतर परत बसवताना पाइप जुळणार नाहीत. वेन्सना ओव्हन क्लीनर लावून ब्रशने साफ करा, पॉलिश पेपर नको. गॅस्केट, तांब्याचे वॉशर आणि मॅनिफोल्डचे नट नवेच घ्या. बसवल्यावर टर्बोच्या वरच्या तेलाच्या छिद्रात तेल ओता, पंपावरच्या फ्युएल कट-ऑफची वायर काढून स्टार्टर मारा, ऑइलचा दिवा विझला की मगच इंजिन चालू करा. कोरडं चालू केलंत तर बेअरिंग तिथेच संपेल.

पाना१०
थांबा. उतरवण्याआधी ॲक्च्युएटरचा दांडा बघा, तोच वेन्स फिरवतो. गाडी वर घ्या, टर्बोच्या खाली ॲक्च्युएटर दिसेल. इंजिन चालू केलं की दांडा एका दमात ओढला गेला पाहिजे, बंद केलं की तितकाच सहज परत यायला हवा. मग हाताने चालवायचा व्हॅक्यूम पंप लावा. पाऱ्याच्या ३ ते ५ इंचांदरम्यान हलायला लागतो आणि १८ च्या आसपास वेन्सची तरफ थांब-स्क्रूला टेकते. तुमचे आकडे कळवा. अलीकडे कोणी तिथे हात घातलाय का?

खंबाटकीकर
दांडा अडखळत नाही. पण अर्धा इंच पाऱ्यालाच हलायला लागतो आणि ११ ला टेकतो. मागे गॅरेजवाल्याने पिकअपसाठी तिथला नट थोडा फिरवला होता, त्याचा काय संबंध?

पाना१०
सगळा संबंध त्याचाच. दांडा आखूड झालाय. आखूड दांड्याने वेन्स विश्रांतीतही पूर्ण उघडत नाहीत. खालच्या आरपीएमला पिकअप मस्त वाटतो, गॅरेजवाल्याचं कौतुक होतं, आणि ३००० च्या पुढे एक्झॉस्ट वाढला की प्रेशर आवरत नाही.
लॉक नट सैल करा, दांडा लांब होईल तसा अर्धा-अर्धा आटा फिरवा आणि प्रत्येक वेळी पंपाने मोजा. सुरुवात ४ इंचाला, टेकणं १८ ला आलं की थांबा. थांब-स्क्रूला मात्र हात लावायचा नाही, ती कारखान्यातली सेटिंग आहे. दांड्याच्या टोकाची क्लिप काढलीत तर एका कामात दुसरं होईल: तरफ बोटाने शेवटापर्यंत फिरवून बघा. बंद बाजूला खरखर लागली तर काजळी यांचं म्हणणंही अर्धं खरं.

एकोणीसटीडीआय
क्लिप काढताना खाली फडकं धरा. इतकी बारीक आहे की अंडरकव्हरमध्ये पडली की गेलीच.

नियमावली
पासिंगच्या वेळी धुराची चाचणी होते, वेन्स साफ करणारच असाल तर त्याआधी करा.

खंबाटकीकर
सेट केला. ४ ला सुरू, १८ ला टेकतो. लॉग: मागणी १९५०, प्रत्यक्ष १९९०, कोड परत आला नाही. तरफेला शेवटच्या जरा भागात किंचित खरखर आहे. खालून पिकअप मात्र आधीपेक्षा कमी वाटतोय. नट अर्धा आटा परत घेऊ का?

पाना१०
नाही.

काजळी
खरखर थोडी असेल तर आत्ता उतरवू नका. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर हायवेला तिसऱ्या गियरमध्ये ३५०० पर्यंत चार-पाचदा खेचा, नंतर मिनिटभर आयडलला ठेवून बंद करा. पुढच्या ऑइल बदलीला पंप लावून परत मोजा. आणि टायमिंग बेल्ट शेवटचा कधी बदललाय? तुम्ही ते लिहिलेलंच नाही. ह्या इंजिनात बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात.

खंबाटकीकर
बेल्टचं बिल शोधतो.

घाटवळण
एमएएफ तरीही एकदा बघून घ्या.