काश्मिरी नमदा आणि फेल्टच्या वस्तू: धुवायच्या कशा, पावसाळ्यात ठेवायच्या कशा?

ठाणेकर_मृ: श्रीनगरचा नमदा (लोकर दाबून केलेला गालिचा) आहे, ४ बाय ६ फुटांचा, वर आरीकाम (आकडीच्या सुईचं भरतकाम). कोपऱ्यात चहाचा आठवडाभर जुना डाग. शिवाय फेल्टच्या, म्हणजे न विणता दाबून घट्ट केलेल्या लोकरीच्या, सपाता आणि सुईने टोचून केलेलं लोकरीचं मेंढरू. मशीनच्या वूल सायकलवर लावू का?

लोकरवेडी: मुळीच नको. नमदा विणलेला नसतो. लोकरीचे थर पसरून, साबणपाणी शिंपडून, गुंडाळी करून मळलेले असतात. लोकरीच्या तंतूला खवले असतात. ओल, ऊब आणि घुसळण एकत्र आली की ते एकमेकांत अडकत जातात. कारागिराने जिथे थांबवलं, तिथून पुढे मशीन सुरू करतं! नमदा आटतो, भरतकामाचा दोरा तितका आटत नाही, मग तिथे फुगवटे येतात.

डागाआधी ओलं पांढरं फडकं भरतकामावर अर्धा मिनिट दाबून बघा. रंग उतरला तर थेट ड्रायक्लीनला द्या. नसेल तर अर्धा लिटर साध्या पाण्यात पाव चमचा ईझी (लोकरीचा द्रव साबण) आणि चमचाभर पांढरं व्हिनेगर घाला. फडकं त्यात बुडवून घट्ट पिळा आणि डागाच्या कडेकडून मध्याकडे टिपत या. घासलंत तर लव उभी राहते, ती पुन्हा बसत नाही. मग नुसत्या पाण्याने टिपा, टॉवेल दाबून ओल काढा, पंख्याखाली आडवा सुकवा. इतका जुना डाग फिका होईल, पूर्ण जाईलच असं नाही. ब्लीच किंवा धुण्याचा सोडा लावू नका. ब्लीचमध्ये लोकर अक्षरशः विरघळते.

सुईदोरा: सपातांना चामड्याचा तळ नसेल तर ३० अंशांच्या आतल्या पाण्यात १० मिनिटं भिजवून हलके दाबा. खळबळायचं पाणीही तेवढंच कोमट हवं. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि आत सुती कापड कोंबून सावलीत ठेवा.

मेंढराला पाणी नकोच. आत तार असेल तर गंज बाहेर फुटतो. धूळ मऊ ब्रशने काढा. सुटलेली लव ओढू नका, फेल्टिंगच्या सुईने टोचून बसवा.

ठाणेकर_मृ: कसरीसाठी डांबरगोळ्या की कडुलिंबाचा पाला? पावसाळ्यात कुबट वासही येतो.

घोंगडीवाला: पाल्याने अंडी मरत नाहीत, समाधान तेवढं मिळतं. डांबरगोळ्या मला पसंत नाहीत; घरात तान्हं बाळ असेल तर अजिबात नकोत. लोकर खाते ती कसरीची अळी, आणि घाम-अन्नाचे डाग असले की तिचं फावतं. म्हणून साफ करूनच ठेवा. लहान वस्तूंना कसर लागलीच तर हवाबंद पिशवीत, उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये २ आठवडे. बाहेर काढल्यावर दिवसभर पिशवी उघडू नका, नाहीतर थंड लोकरीवर दव धरतं.

नमदा घडी घालू नका, भरतकाम बाहेरच्या बाजूला ठेवून गुंडाळा. वर धुतलेली सुती चादर, प्लास्टिक नाही. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओल हाताला न जाणवता धरून ठेवते. प्लास्टिकमध्ये ती कोंडते, मग बुरशी. पावसाने उघडीप दिली की सोडून तासभर पंख्याखाली पसरा, आणि मुख्य म्हणजे उलटून मागची बाजू बघा. कसर आधी तिथेच लागते.