आधी कॅमेरे की आधी प्रशिक्षण?

धागाकर्ता : येत्या ग्रामसभेत आमच्या गावापुढे दोन प्रस्ताव आहेत. पहिला: एस.टी. स्टँड, शाळा, बाजारतळ, पाणवठा आणि वेशीवर मिळून १६ कॅमेरे. दुसरा: सदस्य, भाऊसाहेब (ग्रामपंचायत अधिकारी) आणि शिपाई यांचं कारभाराचं प्रशिक्षण. पैसे एकाच कामापुरते आहेत. वित्त आयोगाच्या निधीचा मोठा भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला, उरलेल्या अबंधित भागातच सगळं बसवायचं.

माझं मत, आधी प्रशिक्षण. तालुक्यातल्या एका शाळेत कॅमेरे होते. आवारातून मोटारसायकल गेली तेव्हा कळलं की डीव्हीआरचं (चित्रीकरण साठवणाऱ्या यंत्राचं) घड्याळ साडेपाच तास मागे आहे आणि पासवर्ड एकट्या ठेकेदाराकडे. तो फोन उचलेना. गाडी माझ्या भावाची होती.

शेतकरी : अजिबात पटलं नाही. दोन वर्षांत माझ्या विहिरीवरची केबल तीनदा कापून नेली. तांब्याचे त्यांना किती मिळाले असतील कोण जाणे, माझा ऊस मात्र ऐन उन्हाळ्यात आठ दिवस पाण्यावाचून राहिला. प्रशिक्षणं आम्ही पाहिलीत. गाडी भरून जायचं, जेवायचं, पिशवी आणि वही घेऊन यायचं. वेशीवर कॅमेरा असता तर रात्री दोनला आलेला टेम्पो कुठला एवढं तरी कळलं असतं. चोर तुमचं शिबिर संपायची वाट बघत नाही.

निवृत्त ग्रामसेवक : भाऊ, टेम्पो दिसला असता, पण पुढे कोर्टात काय? आपल्या जालन्याचंच प्रकरण घ्या, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. २०१४च्या विधानसभेला खोतकरांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर, हा वाद. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रीकरण होतं. पण त्यासोबतचं साक्ष्य कायद्याच्या कलम ६५ब चं प्रमाणपत्र, म्हणजे चित्रीकरण कुठल्या यंत्रातून कसं निघालं हे लिहून देणारा कागद, मागूनही अधिकाऱ्यांनी दिलं नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०२०मध्ये निकाल आला: मूळ यंत्रच हजर केलं नाही तर प्रमाणपत्र लागणारच. निवडणुकीला आव्हान देणाऱ्या गोरंट्यालांनी ते मिळवायला हातचं काही राखलं नव्हतं, म्हणून त्यांना सूट मिळाली. तोवर विधानसभेची मुदतही संपली होती. १ जुलै २०२४पासून नवा साक्ष्य अधिनियम आहे, त्यात प्रमाणपत्राचे दोन भाग: एक यंत्र सांभाळणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. आपल्याकडे पहिल्या भागावर सही कोण करणार? शिपाई?

ग्रामपंचायत सदस्या : पाणवठ्यावरचा कॅमेरा मला नकोच. पडदा सरपंचांच्या खोलीत लावायचं ठरतंय, तिथे दिवसभर चार-पाच जण बसलेले असतात. धुणं धुताना, हंडा उचलताना आम्ही कशा दिसतो हे त्यांनी का बघावं? खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे २०१७मध्ये नऊ न्यायाधीशांनी सांगितलंय. आणि प्रशिक्षणाला सहल म्हणू नका. पहिल्या वर्षी मी तीन दिवस गेले. त्याआधी इतिवृत्ताच्या वहीवर न वाचता सही करत होते. आता वाचल्याशिवाय करत नाही, म्हणून हा पाणवठा माझ्या नजरेस तरी पडला.

शेतकरी : ताई, पाणवठ्याचं खरं आहे. माझी आई-बायको तिथेच जातात, माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तो काढा. पण वेस आणि बाजारतळ सोडणार नाही.

धागाकर्ता : मग सोळा कशाला? वेशीवर दोन, बाजारतळावर दोन. उरलेल्या पैशात प्रशिक्षण, तेही गावातच, आपल्याच डीव्हीआरवर: घड्याळ लावणं, चित्रीकरण उतरवणं, प्रमाणपत्र भरणं. पडदा कुलपात, किल्ली भाऊसाहेबांकडे, कोणी कधी काय पाहिलं त्याची नोंदवही.

निवृत्त ग्रामसेवक : चित्रीकरण किती दिवस ठेवायचं तेही ठरावात घ्या. आणि पासवर्ड ठेकेदाराकडे राहता कामा नये.

शेतकरी : लिहा, हरकत नाही. पण प्रशिक्षणाची तारीख मिळेना म्हणून वेशीवरचे दोन अडकवून ठेवलेत, तर ग्रामसभेत मी विरोधात हात वर करणार. उन्हाळा लागायच्या आत मला ते खांबावर दिसले पाहिजेत.