माइनक्राफ्ट सर्व्हरच्या आत ‘पेपर’ चालतो, तर त्याला ‘व्हॅनिला’ म्हणावं का?

रेडस्टोन_राघू: माइनक्राफ्ट जावाच्या सर्व्हरांवर ‘प्युअर व्हॅनिला’, म्हणजे बदल न केलेला मूळ खेळ, अशी पाटी असते आणि आत पेपर हे वेगासाठी बदललेलं सर्व्हर सॉफ्टवेअर चालू असतं. मोजांग या निर्मात्या कंपनीची मूळ जार (सर्व्हरची प्रोग्राम फाइल) नसेल तर व्हॅनिला म्हणू नये. टीएनटी ड्युपर, म्हणजे स्फोटक टीएनटीच्या प्रती काढणारं यंत्र, लावून बघा: मूळ जारवर पिस्टनने सरकवलेला टीएनटी पेटतोही आणि ब्लॉक शाबूतही राहतो. पेपरवर एकदाच फुटतो, यंत्र रिकामं. नवखा बिचारा स्वतःच्याच डिझाइनमध्ये चूक शोधत बसतो.

चंक_चावडी: मग सेटिंग बदला की. सर्व्हर बंद करा, कॉन्फिग फोल्डरमधल्या पेपर-ग्लोबल फाइलीत ‘अनसपोर्टेड-सेटिंग्ज’खाली ‘अलाउ-पिस्टन-डुप्लिकेशन’ ट्रू करा, पुन्हा चालू करा. गालिचे आणि रूळही ड्युप होतात. एरवी न फुटणारा बेडरॉक फोडायची ओळ वेगळी, पण तिथेच. आता उलट सांगा: मूळ जारमध्ये डेटापॅक (खेळाचे नियम बदलणाऱ्या फाइलींचा संच) टाकला, खेळाडू मेला की त्याचं डोकं पडतं. जारला हातही लावलेला नाही. हे व्हॅनिला?

रेडस्टोन_राघू: नाही, तेही नाही. झोपेचा गेमरूल, म्हणजे रात्र सरायला किती टक्के खेळाडू झोपायला हवेत तो नियम, 100 वरून 50 केला तर माझी हरकत नाही, तो 1.17 आवृत्तीपासून मोजांगनेच दिलाय. पण तुमच्या सेटिंगचं नावच ‘अनसपोर्टेड’ आहे! शिवाय पेपरची अ‍ॅक्टिव्हेशन रेंज आहेच: खेळाडूपासून किती अंतरापर्यंत मॉब (खेळातले प्राणी-राक्षस) पूर्ण हलतात ती मर्यादा. मॉन्स्टरसाठी ती 32 ब्लॉक. त्यापलीकडचे मॉब दर टिकला (खेळाच्या घड्याळाच्या ठोक्याला) नीट हलत नाहीत, मॉब मारून वस्तू मिळवायचं फार्म मंदावतं.

टिक_मास्तर: 32 चा मुद्दा अर्धाच खरा. मूळ खेळातही खेळाडूपासून 32 ब्लॉकपलीकडचा मॉब पाचेक सेकंदांनी भटकणं सोडतो. फार्मच्या वर उंचावर एएफके (कीबोर्ड सोडून) बसायचं तर मॉब चालत येऊन पडतील अशी आशाच नको. डिस्पेन्सर या वस्तू सोडणाऱ्या ब्लॉकने ठरावीक वेळाने पाणी सोडून त्यांना लोटा. जार कुठलीही असो.

चंक_चावडी: बरोबर. आणि सेकंदाला 20 टिक व्हायला हवेत, म्हणजे टिकला 50 मिलिसेकंद. गर्दीत मूळ जार 12 वर आली की भट्टी, होपर, पिकं, सगळंच रांगतं. याला मूळ अनुभव म्हणायचं?

रेडस्टोन_राघू: त्यासाठी फॅब्रिक या मॉड (खेळात बदल करणारी जोड) चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर लिथियम हा मॉड लावा. वेग वाढतो, मेकॅनिक्स तशीच राहतात, ड्युपरही चालतो.

चंक_चावडी: म्हणजे मॉड चालतो तुम्हाला! मग पहिल्या पोस्टमधली मूळ जारची अट कुठे गेली?

रेडस्टोन_राघू: बरं, ती अट मागे घेतो. पण पाटीवर जार कुठली, ड्युपिंग चालू की बंद, डेटापॅक कोणते, सिम्युलेशन डिस्टन्स (खेळाडूभोवती किती चंकपर्यंत, म्हणजे जगाच्या तुकड्यांपर्यंत, खेळ चालू राहतो) मूळ 10 की खाली ओढलेलं, हे लिहा. चार ओळी होतात.

टिक_मास्तर: पाचवी ओळ क्लायंटची, म्हणजे खेळाडूच्या बाजूच्या प्रोग्रामची. सर्व्हर कितीही शुद्ध ठेवा, समोरच्याने फ्रीकॅम या कॅमेरा मोकळा फिरवणाऱ्या मॉडने भिंतीपलीकडचा तळ बघितला तर काय उपयोग?